कंपनीचा निळा

सेवानिवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हिरामण भोईर आंघोळ करून कपाटासमोर उभा राहिला, तो उभाच राहिला. कमरेला टॉवेल, केसांतून पाणी गळतंय आणि समोर कपाटभर निळं. आभाळी शर्ट नऊ, गडद निळ्या पँटी सात, प्रत्येक शर्टाच्या खिशावर कंपनीचं नाव. खालच्या कप्प्यात न शिवलेले पीस, तेही निळे. हँगरला एक सफारी होती. कंपनीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा सगळ्या कामगारांना कापड वाटलं होतं, त्याची. तिचा निळा जरासा राखाडीकडे झुकलेला, म्हणून ती लग्नाकार्यासाठी राखीव.

"अहो, सर्दी होईल," स्वयंपाकघरातून अनिता म्हणाली.

"काय घालू गो?"

भाकरी तव्यावर टाकता टाकता अनिता थांबली. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, पण हा प्रश्न या माणसाने कधी विचारला नव्हता. खरं तर हा प्रश्न तिचा. प्रत्येक लग्नाच्या आधी तिने तो विचारला होता आणि हिरामणने प्रत्येक वेळी पेपरातून डोकं वर न काढता "कायपण घाल, चांगलीच दिसतेस" असं सांगितलं होतं.

"कायपण घाला," अनिता म्हणाली, "चांगलेच दिसता." आणि तिने भाकरी उलटली.

आता यात हिरामणचा काय दोष, तुम्हीच सांगा. धाटावच्या केमिकल कंपनीत माणूस चिकटला की दरवर्षी दोन जोडांचं कापड मिळायचं. ते घ्यायचं, विठू टेलरकडे टाकायचं, आणि वर्षभर घालायचं. कुणी विचारत नाही तुम्हाला कुठला रंग आवडतो. रिअ‍ॅक्टरवरच्या माणसाला रंग आवडायची गरजही नसते. हिरामणला याचा अभिमानच होता. कँटीनमध्ये नवीन पोरं बुटांवरून, गॉगलवरून बोलायला लागली की तो म्हणायचा, "कपड्यात काय हाय रे? माणूस बघावा." दुसरा कुणी कपडे पुरवत असला की असं बोलायला फार सोपं जातं.

आणि तरीही हिरामणने टॉवेल सोडून मुकाट्याने निळाच घातला असता. अडचण होती निकेशची. निकेश हिरामणचा एकुलता एक, पनवेलला ऑफिसात कामाला. त्याचं लग्न पेणच्या मृणाली म्हात्रेशी ठरलं होतं आणि तीन आठवड्यांवर पेणला हॉलमध्ये साखरपुडा होता. आदल्या दिवशी जेवताना निकेश मोबाइलमध्ये बघत म्हणाला होता, "पप्पा, साखरपुड्याला ते निळं नको हां. बाकी काहीपण घाला."

पोराने हे हळू आवाजात सांगितलं, तेच हिरामणला लागलं. तो जोरात बोलला असता तर बापालाही जोरात बोलता आलं असतं. हळू बोलणाऱ्या माणसाला काय उत्तर देणार? बरं, "बाकी काहीपण" म्हणजे नेमकं काय, हे हिरामणला खरोखर माहीत नव्हतं. त्याने मनाशी एवढंच पक्कं केलं, की पेणच्या हॉलमध्ये पोराने आपल्याकडे बघितलं तर त्याची मान खाली जाता कामा नये. हे काही फार मोठं मागणं नव्हतं.

शेजारचा जगन एसटीत कंडक्टर होता. तो दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला आणि तेव्हापासून निवृत्ती या विषयात आपल्याएवढा जाणकार अख्ख्या रोह्यात दुसरा नाही, असं त्याचं स्वतःचं मत आहे. खाकी सोडली त्या दिवसापासून तो फुलाफुलांचे शर्ट घालतो.

"भोईर, ऐक माझं," जगन म्हणाला. "माणूस रिटायर झाला की त्याला दोन आजार होतात. एक शुगर, दुसरा फिका रंग. शुगरला डॉक्टर हाय. दुसऱ्याला मी हाय."

तो हिरामणला बाजारात घेऊन गेला. अर्ध्या तासात हिरामणच्या अंगात पिकल्या हापूससारखा पिवळा टी-शर्ट होता आणि त्याच्या पाठीवर मोठ्ठा दहा आकडा. दहा का, असं त्याने विचारलं, तर दुकानदार म्हणाला, "काका, तेवढ्या वर्षांनी लहान दिसता." हिरामणने आरशात बघितलं. त्याला काही तसं वाटलं नाही, पण समोरचा माणूस इतक्या खात्रीने सांगतोय म्हटल्यावर त्याने विश्वास ठेवला. पस्तीस वर्षं मीटरवरचा आकडा खरा मानायची सवय होती, ती इथेही नडली.

टी-शर्टाला पांढरी मिशी शोभेना, म्हणून कलप आला. कलप जगनने स्वतः गॅलरीत बसवून लावला, मिशीला दात घासायच्या जुन्या ब्रशने. दहा मिनिटांत धुवायचा होता. पण जगन मध्येच वडखळच्या नाक्यावर एकदा त्याची गाडी कशी अडकली ते सांगायला लागला, आणि ती गोष्ट प्रत्यक्ष ट्रॅफिकएवढीच लांबली. धुतल्यावर केस तर काळे झालेच, मिशीखालची कातडीही काळी झाली. संध्याकाळी निकेश घरी आला, बापाकडे दोन क्षण बघत राहिला आणि "छान" म्हणाला. आजाऱ्याला भेटायला गेल्यावर "चेहऱ्यावर तेज आलंय" म्हणतात ना, तसं.

तरी हिरामणने चार दिवस तो पिवळा नेटाने घातला, आणि त्यातच पेन्शनच्या फॉर्मचं काम निघालं. फॉर्मला नवरा-बायकोचा जोडीचा फोटो लागतो. अनिता ठेवणीतली साडी नेसली, हिरामण पिवळ्यात, स्टुडिओत फोटो निघाला आणि दोघं ऑफिसात जाऊन लायनीत उभी राहिली. तास-दीड तासाने नंबर लागला. खिडकीतल्या मुलीने फोटो बघितला, कंपनीचं ओळखपत्र बघितलं, परत फोटो बघितला.

"मावशी, फोटो यजमानांबरोबरचा लागतो," ती अनिताला म्हणाली.

"त्यांच्याबरोबरचाच हाय."

"नाही, हे कोण? दीर का?"

हिरामण खिडकीजवळ सरकला. "मीच हाय तो."

मुलीने ओळखपत्र वर धरलं. त्याच्यावर आभाळी शर्टातला, पांढऱ्या मिशीचा, कॅमेऱ्याकडे जरा रागाने बघणारा माणूस होता. "काका, ह्याच्यात वय जास्त दिसतंय आणि मिशी पांढरी आहे. तो फोटो आधीचा, आणि माणूस नंतर लहान झाला, असं कसं चालेल? तुम्ही लिहून आणा, की हे आणि ते एकच."

म्हणजे बघा. ज्या माणसाने पस्तीस वर्षं एकही दिवस कार्ड पंच करायचं चुकवलं नाही, त्याने स्टँप पेपरवर लिहून द्यायचं, की निळ्यातला हिरामण आणि पिवळ्यातला हिरामण हे दोघं एकच असून त्यांचं एकमेकांशी काही भांडण नाही. शेवटचं वाक्य अर्थात कागदावर नव्हतं, पण सही करताना हिरामणच्या मनात ते आलं. परत येताना रिक्षात अनिता बाहेर बघत हसत होती. हिरामणला ते कळत होतं. पिवळा टी-शर्ट दुसऱ्या दिवसापासून फरशी पुसायला लागला.

आता हिरामणने ठरवलं, की कुणाचा सल्ला घ्यायचा नाही. आपलं कापड आपण निवडायचं आणि आपल्या टेलरकडे शिवायचं. तो एकटाच कापडाच्या दुकानात गेला. तासभर त्याने ताग्यांमागून तागे उलगडायला लावले. हा भडक, तो फिका, हा पुढाऱ्यासारखा, तो हॉटेलच्या पडद्यासारखा. शेवटी एका कापडावर त्याचा हात थांबला. मऊ, साधं, राखाडी. बोटांना ते ओळखीचं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी न देता, कुणी न सांगता आपण एक गोष्ट निवडली, या आनंदात तो पिशवी घेऊन बाहेर पडला, सरळ विठूच्या दुकानात शिरला आणि पिशवी टेबलावर ठेवली.

विठू टेलर म्हणजे हिरामणच्या बरोबरीचा माणूस. धाटावच्या निम्म्या कामगारांचे युनिफॉर्म त्याच्याच मशीनखालून गेलेले. त्याच्याकडे मापांची एक जाड वही आहे, आणि त्या वहीत हिरामणचं स्वतंत्र पान आहे. विठूने ते काढलं. पहिल्या ओळीला कंबर अठ्ठावीस. मग तीस. मग लग्नानंतर एकदम बत्तीस. काविळीच्या वर्षी परत तीस. पुढे छत्तीस, आणि तिथे ती कायमची स्थिरावली. पानाच्या तळाशी निकेशची मापं होती, शाळेच्या हाफपँटची, चौथीपासून सातवीपर्यंत. हिरामणने त्या पानावरून बोट फिरवलं. आपलं सगळं आयुष्य कुणीतरी इंचात लिहून ठेवलंय आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता, हे त्याला जरा विचित्र वाटलं, आणि जरा बरंही वाटलं.

"या टायमाला युनिफॉर्म नाय," तो म्हणाला. "कुर्ता शिव. झकास पायजे."

"झकास," विठू म्हणाला.

चार दिवसांनी कुर्ता घरी आला. अनिताने तो उजेडात, गॅलरीत नेऊन झटकला आणि बाही उन्हात धरून बघितली. हिरामण मागून गेला. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जो राखाडी होता, तो उन्हात निळा होता. निळा म्हणजे नुसता निळा नाही. कपाटात जो नऊ शर्टांचा होता, अगदी तोच. एवढ्या मोठ्या दुकानात, शंभर ताग्यांतून, हिरामणच्या हाताने बरोबर तोच शोधून काढला होता.

आणि विठूचा हातही काही कमी नव्हता. कुर्त्याला छातीवर दोन खिसे होते, दोन्हींना झडप आणि बटण. डाव्या खिशाला पेन अडकवायला वेगळी पट्टी शिवलेली. खांद्यावर दोन्ही बाजूंना पट्ट्या. फक्त कंपनीचं नाव तेवढं नव्हतं. हिरामणने फोन लावला तर विठू म्हणाला, "भोईर, मी ध्यानात ठेवला होता रे. कुर्ता म्हणूनच कापायला घेतला. मधी कधी हात तिकडं वळला, माझं मलाच नाय कळला."

हिरामण त्याला रागावू शकला नाही. त्याचा स्वतःचा हात तरी कुठे दुसरीकडे गेला होता?

"तुम्हाला एक सांगू का," अनिता कुर्त्याची घडी घालता घालता म्हणाली. "निकेश निळं नको का म्हणतो, ठाऊक हाय?"

"जुनाट वाटतं त्याला."

"नाय. शाळेची हाफपँट आपण कंपनीच्या कापडाची शिवायचो. शाळेचा निळा वेगळा होता. वेगळा म्हणजे थोडासाच, आपल्याला घरात कळायचा नाय. पण ग्राउंडवर सगळी पोरं लायनीत उभी राहिली की हा एकटा ओळखू यायचा. सातवीत ड्रिलच्या सरांनी त्याला लायनीबाहेर उभा केला, पंधरा ऑगस्टला. पोरं 'कंपनी' म्हणून हाक मारायची त्याला. घरी येऊन रडला होता."

"मला कुणी सांगितलं नाय."

"तुमची फर्स्ट शिफ्ट होती. आणि त्यानेच सांगितलं, पप्पांना सांगू नको, त्यांना वाईट वाटंल."

हिरामण गॅलरीत बसून राहिला. समोर रस्त्यावरून धाटावची बस गेली, आत सगळे निळे. त्याला त्या पंधरा ऑगस्टचा तसा काही आठव नव्हता. त्या दिवशी बहुतेक तो ड्यूटीवर झेंडावंदन करून पेढा खाऊन आला असेल. पण बारा वर्षांचा पोरगा बापाला वाईट वाटू नये म्हणून गप्प राहतो, आणि बाप वीस वर्षं कँटीनमध्ये सांगत फिरतो, की कपड्यात काय हाय. हिरामणला स्वतःची लाज वाटली. त्याने निळा कुर्ता कपाटात अगदी खाली टाकला आणि संध्याकाळी निकेशला म्हणाला, "तुझ्या पसंतीचं काय ते मागव. मी घालीन."

निकेशने मागवलं. हल्ली साखरपुड्यात घरच्यांचा रंग एक लागतो म्हणे, त्याला थीम म्हणतात. रंगाचं नाव पीच. हिरामणला ना गुलाबी म्हणता येईना, ना केशरी. अनिताने खोका उघडून एका शब्दात निकाल लावला. "सोललेली कोळंबी," ती म्हणाली. कुर्ता, त्यावर जॅकेट, जॅकेटला सोनेरी बटणं. गळ्याशी घट्ट, पोटावर त्याहून घट्ट. हिरामणने श्वास आत घेऊन सगळी बटणं लावली आणि निकेशकडे बघितलं. निकेश हसला, मनापासून. तेवढ्यावर हिरामण तीन तास श्वास आत घ्यायला तयार होता.

रविवारी सकाळी ते पेणला पोचले. हॉलच्या दाराशी मुलीकडची माणसं गुलाबपाणी घेऊन तयार होती. हिरामण आधी मागच्या बाजूला, पाहुण्यांसाठीच्या खोलीत सामान ठेवायला गेला आणि तिथून बाहेर येईपर्यंत गावाकडचा टेंपो आला. हिरामणचा मोठा भाऊ हसुराम, चुलते, मेव्हणे, भाचे. निडीच्या पलीकडच्या गावातली, भात-वालाची शेती करणारी सगळी माणसं. ती एकेक करून टेंपोतून उतरली आणि हिरामण पायरीवरच थांबला.

सगळे निळे होते. अकरा पुरुष, अकरा आभाळी शर्ट, कडक इस्त्रीचे.

त्याच्या लक्षात आलं. कंपनीचे जे पीस उरायचे, ते अनिता दर दिवाळीला, दर भाऊबीजेला नात्यात वाटायची. चांगलं कापड, विटत नाही. गावाकडच्यांनी ते रोज घालून झिजवलं नव्हतं. शिवून, घडी घालून, चांगल्या दिवसासाठी ठेवलं होतं. हा तो चांगला दिवस होता.

पुढे काय झालं ते इतक्या पटकन झालं, की कुणाला सावरायला वेळच मिळाला नाही. म्हात्र्यांकडे साखरपुड्यालाही व्याहीभेट दारातच करतात. मृणालीचे वडील पुंडलिक म्हात्रे गणपतीच्या कारखान्यात मूर्तींची रंगाई करणारे. हातात टोपी आणि हार घेऊन ते उभे होते. हिरामणला त्यांनी एकदाच, बैठकीला, बघितलं होतं. निळसर सफारी, पांढरी मिशी, सावळा चेहरा. आणि आता दारातून निळ्या शर्टातला, पांढऱ्या मिशीचा, सावळा, अगदी तसाच नाकाचा माणूस सगळ्यांच्या पुढे चालत आला. पुंडलिकनी त्याला टोपी घातली, हार घातला, टिळा लावला आणि घट्ट मिठी मारली. हसुरामला वाटलं, थोरला भाऊ म्हणून मान असेल. त्याने दुप्पट जोरात मिठी मारली. बायकांनी गाणं म्हटलं, फोटोवाल्याने फोटो काढले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

हिरामण चार हात अंतरावर उभा होता. ओरडून सांगावं, तर भावाचा अपमान. न सांगावं, तर आपण कोण? त्याला खिडकीतली ती मुलगी आठवली. लिहून आणा, की हे आणि ते एकच.

तेवढ्यात मृणालीची आत्या, धोंडुबाई, त्याच्याकडे वळली. "ओ दादा, दोन गिलास पाणी आणा ना. मुलाकडची माणसं उन्हातनं आलीत."

हिरामणने वळून बघितलं. भिंतीशी केटरिंगची पोरं उभी होती आणि त्यांची जॅकेटं सोललेल्या कोळंबीच्या रंगाची होती. बटणंसुद्धा सोनेरी.

दुसरा कुणी असता तर चिडला असता. हिरामणला एवढंच दिसलं, की माणसं खरंच उन्हातून आली आहेत आणि माणसं आपलीच आहेत. तो टेबलाशी गेला, ट्रे उचलला आणि पाणी घेऊन आला. हसुरामने ग्लास उचलला, पाणी तोंडाशी नेलं आणि मग त्याचं लक्ष वर गेलं.

"हिरामण? तू हायस व्हय?" त्याने भावाला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुझ्या पोराचं कार्य म्हणून आम्ही सगळ्यांनी तुझंच घातलंय. तूच नाय घातलास?"

हे निकेशने ऐकलं. तो दोन पावलांवर मृणालीबरोबर उभा होता. मृणाली त्याला म्हणत होती, "तुमच्याकडच्या पुरुषांनी किती छान ठरवून एकसारखं घातलंय. मला सांगितलं पण नाहीस." निकेश बघत होता. सगळे निळे एका लायनीत उभे होते, आणि त्याचा बाप त्यांच्यापासून वेगळा, हातात पाण्याचा ट्रे घेऊन, लायनीच्या बाहेर होता.

त्याने पुढे येऊन ट्रे बापाच्या हातातून काढून घेतला. "पप्पा, आईने पिशवीत तो कुर्ता आणलाय ना?"

"कुठला?"

"विठूकाकांचा. मी बघितला ठेवताना."

अनिताने तो आणला होता. जेवताना काही सांडलं तर असावा म्हणून, असं ती नंतर म्हणाली. तिने का आणला ते तिलाच माहीत.

"अरे, तो निळा हाय," हिरामण हळूच म्हणाला. "तुला चालंल?"

"पप्पा," निकेश म्हणाला, "मी तेव्हा सातवीत होतो."

म्हणजे अनिताने पोरालाही सांगितलं होतं, की बापाला आता कळलंय. हिरामण मागच्या खोलीत गेला, जॅकेटची बटणं सोडली आणि तीन तासांचा श्वास बाहेर टाकला. मग निळा कुर्ता चढवला. तो अंगात असा गेला, की आरशात बघायची आठवणच झाली नाही. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्याने पेन डाव्या खिशाच्या पट्टीत अडकवलं आणि तो बाहेर आला.

पुंडलिक म्हात्र्यांना तोवर कुणीतरी घोटाळा सांगितला होता आणि ते कानकोंडे होऊन कोपऱ्यात उभे होते. हिरामणला बघून ते पुढे आले. जवळ येऊन थांबले, मान जरा तिरकी करून, डोळे बारीक करून त्यांनी त्याच्याकडे बघितलं. कारखान्यात रंग वाळल्यावर मूर्तीकडे बघत असतील तसं.

"माफ करा व्याही," ते म्हणाले. "मघाशी तुम्ही समोरनं गेलात, मला नुसतं जॅकेट दिसलं. माणूस दिसलाच नाय. आमच्याकडे मूर्तीला शेल्याचा रंग शेवटी, चेहरा बघून ठरवतात. चेहऱ्याआधी शेला दिसला तर आम्ही तो पुसून परत करतो."

"आता?"

"आता चेहरा दिसतो. मिशी तेवढी पुसायला पायजे."

"उतरंल हळूहळू," हिरामण म्हणाला. "दहा मिनिटांचा होता, जास्त वेळ राहिला."

दुसरी टोपी नव्हती. हसुरामने स्वतःच्या डोक्यावरची काढली आणि व्याहीभेट परत झाली. या वेळी बायकांनी गाणं जरा हसत म्हटलं. धोंडुबाई लाजेने पुढे येईना, तेव्हा हिरामणच तिच्याकडे गेला आणि आणखी पाणी हवंय का, असं विचारून आला. त्यावर ती इतकी हसली, की तिला खुर्ची द्यावी लागली.

मग याद लिहायची वेळ आली. लग्नात कुणी काय करायचं, कुणाचा मान कुठला, ते दोन्हीकडच्यांसमोर कागदावर लिहितात आणि मोठ्याने वाचतात. कागद आला, पाट आला, आणि दोनशे माणसांत पेन सापडेना. सगळ्यांच्या हातात मोबाइल. पुंडलिकनी खिसे चाचपले, भटजींनी पिशवी उलटी केली, केटरिंगच्या पोराला बाहेर धाडलं. हिरामणला हे जरा उशिरा कळलं. कळल्यावर त्याने डाव्या खिशाच्या पट्टीतून पेन काढलं आणि पुढे केलं. निकेश शेजारीच बसला होता. त्याने त्या पट्टीकडे, खिशाच्या झडपेकडे, खांद्यावरच्या पट्ट्यांकडे नीट बघितलं, जणू ते सगळं पहिल्यांदाच बघत होता.

परतीला गाडी निकेश चालवत होता. अनिता मागे झोपली होती. नागोठणं गेलं, निडीचं स्टेशन मागे पडलं. पीचचा खोका डिकीत होता आणि त्याचं काय करायचं, यावर कुणी एक शब्द काढला नव्हता. हिरामण कुर्त्याच्या बाहीवरून हात फिरवत होता. हा रंग त्याला कंपनीने दिला होता, पण तो ताग्यांमधून काढला होता त्याने स्वतः. त्या दोन्हींत फरक आहे, असं त्याला वाटत होतं. नेमका काय ते शब्दांत सांगता आलं नसतं.

"पप्पा," निकेश रस्त्याकडे बघत म्हणाला, "विठूकाकांच्या वहीत माझं माप असेल का?"

"हाय की. सातवीतलं."

निकेशने गाडीचा वेग जरा कमी केला.

"मग उद्या संध्याकाळी जाऊ या दोघं," तो म्हणाला. "नवीन घ्यायला लागेल."